माथ्यावरच्या माणसाचा नदीशी काय संबंध?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमची जमीन डोंगरमाथ्याजवळ आहे. नदी खाली दहा-बारा किलोमीटरवर. पाणलोट विकासाच्या आराखड्यासाठी बैठक आहे आणि आम्हालाही बोलावलंय. पूर आमच्याकडे येत नाही, नदीचं पाणी आम्ही उचलत नाही, मग आमचा संबंध काय? आणि वर झाडं लावली की खाली पाणी वाढतं असं सगळे म्हणतात, ते खरं का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: बहुतेक वेळा खरं नाही. उघड्या किंवा गवताळ उतारावर दाट झाडी उभी राहिली की वर्षभरात ओढ्यातून जाणारं एकूण पाणी सहसा घटतं. हे वाक्य बैठकीत उच्चारलं की खुर्च्या सरकायला लागतात, म्हणून लगेच सांगतो की मी झाडांच्या विरोधात नाही. माझी उमेदीची सगळी वर्षं उतारांवर माती आणि पाणी अडवण्यातच गेली आहेत. पण पाणलोटात पाणी कुणी तयार करत नाही. आकाशातून आलं तेवढंच असतं. आपण चर खणले, झाडं लावली, तोडली, फरसबंदी केली, तरी त्या पाण्याच्या तीनच गोष्टी बदलतात: ते कोणत्या वाटेनं जाईल, कधी जाईल आणि जाताना सोबत काय नेईल. या तिन्ही गोष्टींचा पहिला निकाल माथ्यावर लागतो. तुमचा संबंध तिथूनच सुरू होतो.

आता पाणलोट म्हणजे काय ते पाहू. समजावताना बहुतेक जण डोंगराच्या धारेवरून रेघ मारायला लागतात. मी उलट्या टोकानं सुरुवात करतो. ओढ्यावरची कुठलीही एक जागा धरा, समजा रस्त्याखालची मोरी. तिच्यावर उभे राहा आणि विचारा, पाऊस कुठे कुठे पडला तर त्याचं पाणी माझ्या पायाखालून जाईल? ती सगळी जमीन म्हणजे त्या मोरीचं पाणलोट क्षेत्र. शंभर पावलं खाली सरकलात आणि मध्ये एखादी ओघळ येऊन मिळाली, तर क्षेत्र वाढलं. पन्हाळीखाली ठेवलेल्या बादलीलाही पाणलोट असतं, छपराचा तेवढा उतार. अमेझॉनच्या मुखाशी उभे राहिलात तर हेच क्षेत्र ६० लाख चौरस किलोमीटरच्या वर जातं. लहान पाणलोट मोठ्याच्या पोटात, तो आणखी मोठ्याच्या पोटात. त्यामुळे पाणलोटाबाहेरची जमीन असं काही नसतंच. आपण कोणत्या मोरीच्या वरच्या अंगाला आहोत, एवढंच शोधायचं असतं.

दोन पाणलोटांमधली उंच कड म्हणजे जलविभाजक. ती दर वेळी डोळ्यांना दिसेलच असं नाही. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात नॉर्थ टू ओशन क्रीक नावाचा ओढा चक्क जलविभाजकावरच दुभंगतो. त्याचा एक फाटा अटलांटिक क्रीक होऊन शेवटी मेक्सिकोच्या आखाताला मिळतो, दुसरा पॅसिफिक क्रीक होऊन प्रशांत महासागराकडे जातो. एकाच ओढ्यातलं पाणी, आणि कोणत्या महासागरात पोचायचं याचा निर्णय एका दगडाच्या या बाजूला किंवा त्या बाजूला.

जमिनीखालची गोष्ट याहून फसवी. दक्षिण जर्मनीत डॅन्यूब नदी इमेंडिंगेनजवळ चुनखडीच्या पात्रात मुरते. वर्षातले बरेच दिवस तिथलं पात्र कोरडंच असतं. हे पाणी जातं कुठे, यावरून जुना वाद होता. १८७७ साली तिथे मीठ आणि रंगद्रव्य सोडून पाहिलं, तर सुमारे ६० तासांनी १२ किलोमीटरवरच्या आख नदीच्या झऱ्यातून ते बाहेर आलं. आख नदी कॉन्स्टन्स सरोवराला मिळते आणि तिथून ते पाणी ऱ्हाइनमधून उत्तर समुद्राला. नकाशावर काळ्या समुद्राच्या खात्यात असलेलं पाणी खडकाच्या भेगांतून भलत्याच खात्यात जमा होत होतं. चुनखडी असो की भेगाळलेला दुसरा खडक, भूजलाचा जलविभाजक डोंगराच्या धारेशी जुळेलच असं धरून चालू नका.

आणि माणसानं केलेल्या वाटा तर नकाशात असतातच असं नाही. सुरुवातीच्या काळात मी एका नाल्याची सीमा संगणकावर उंचीच्या नकाशावरून आखली, त्या क्षेत्राचं पाणी मोजलं आणि माती नालाबांधाचा सांडवा त्या हिशेबानं ठेवला. पहिल्याच दणक्यात पाणी सांडव्यावरून जायच्या ऐवजी बांधावरून गेलं. रेनकोट चढवून वर गेलो तेव्हा कळलं की शेजारच्या उताराचं निम्मं पाणी रस्त्याकडेच्या चरीतून वळून आमच्या नाल्यात येत होतं. हातभर खोल चर. उंचीच्या नकाशाला ती दिसणार कशी? तेव्हापासून पाऊस चालू असताना एकदा तरी सीमेवरून चालून आल्याशिवाय मी आकडा देत नाही. माझ्या कामातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टाळली जाणारी तपासणी हीच.

आता पावसाचा हिशेब. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. एका चौरस किलोमीटरवर तोच एक मिलिमीटर म्हणजे १० लाख लिटर. एखाद्या दिवशी ५० मिलिमीटर पडला, तर एवढ्या लहानशा डोंगरउतारावर पाच कोटी लिटर पाणी उतरतं. शेततळी आणि टाक्या यांच्या आकड्यांशी हे ताडून पाहिलं की लक्षात येतं, सगळ्यात मोठी टाकी म्हणजे माती. बाकी सगळं तिच्यापुढे किरकोळ.

काही पाणी पानांवरच अडकून वाळतं, काही मातीत शिरून मुळांवाटे पुन्हा हवेत जातं, काही खोल झिरपून भूजल होतं आणि उरलेलं वाहतं. जगभरच्या जमिनीची सरासरी घेतली तर पडलेल्या पावसापैकी ६० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाणी बाष्प होऊन परत जातं. नदी म्हणजे पावसातला उरलेला वाटा. कोरड्या प्रदेशात हा वाटा इतका लहान असतो की जमिनीच्या वापरातला थोडासा बदलही नदीला जाणवतो.

मातीत पाणी शिरायचं की नाही हे ठरतं पहिल्या काही सेंटिमीटरमध्ये. उघड्या मातीवर टपोरे थेंब आदळले की ढेकळं फुटतात, बारीक कण छिद्रांत बसतात आणि वर एक पातळ खपली तयार होते. खाली माती कोरडी ठणठणीत आणि वरून पाणी वाहतंय, हे दृश्य ज्यानं पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. पालापाचोळा, गवत, नुसती कडब्याची काडी पसरलेली असली तरी हा मार बसत नाही. यंत्रांच्या चाकांखाली आणि जनावरांच्या रोजच्या वाटेवर दबलेली माती हाही तसाच प्रकार, फक्त तो हळूहळू होतो आणि म्हणून नजरेत भरत नाही.

चांगल्या रानात मात्र वेगळंच घडतं. तिथे उतारावरून पाणी वाहताना क्वचितच दिसतं. पाऊस मुरतो, जमिनीखालून तिरका सरकतो आणि ओढ्याच्या काठची जमीन आधी पूर्ण भिजवतो. पाऊस लांबला की हा ओला पट्टा दोन्ही काठांना फुगत जातो, ओसरला की आकसतो. पूर येतो तो मुख्यतः या पट्ट्यातून. म्हणजे पाणलोटाचा सगळा भाग दर पावसाला सारखाच कामाला लागत नाही. काठचा पट्टा आधी लागतो आणि जास्त लागतो. रस्ता, गोठा, उकिरडा, खतांचा ढीग नेमका तिथेच असेल तर क्षेत्र लहान असूनही त्रास मोठा होतो. आणखी एक गंमत: १९७० च्या दशकात ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, पुराचं पाणी तपासायला सुरुवात झाली, तेव्हा दमट हवेच्या अनेक जंगली पाणलोटांत पुरातलं निम्म्याहून अधिक पाणी त्या दिवशीच्या पावसाचं नसल्याचं दिसलं. ते आधीपासून मातीत थांबलेलं होतं; नव्या पावसानं त्याला फक्त बाहेर ढकललं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा पटलंच नव्हतं. आपण पूर म्हणून ज्याच्याकडे बघतो ते बऱ्याचदा गेल्या कित्येक आठवड्यांचं, कधी महिन्यांचं पाणी असतं.

झाडांकडे येऊ. हा वाद नुसत्या मतांवर सुटला नसता. तो जोडपाणलोटांच्या प्रयोगांनी सुटला. सारखे दिसणारे दोन शेजारचे पाणलोट घ्यायचे, दोन्हींचं पाणी काही वर्षं नुसतं मोजायचं, मग एकाला हात लावायचा आणि दुसरा तसाच ठेवायचा. कोलोरॅडोतल्या वॅगन व्हील गॅप इथे १९१० मध्ये असा प्रयोग सुरू झाला. पुढे अनेक देशांत झाले. १९८२ मध्ये बॉश आणि ह्युलेट या दोघांनी अशा ९४ पाणलोटांचे निष्कर्ष एकत्र मांडले. सूचिपर्णी झाडं किंवा निलगिरी यांचं आच्छादन १० टक्क्यांनी वाढलं तर वर्षाचा प्रवाह सुमारे ४० मिलिमीटरनं घटतो, पानगळीच्या झाडांनी सुमारे २५ मिलिमीटरनं, झुडपांनी आणि गवतानं त्याहून कमी. कारण साधं आहे. झाडाची मुळं खोल जातात, पानांचा पसारा मोठा असतो आणि ते वर्षातले जास्त दिवस पाणी पितं. दक्षिण आफ्रिकेत १९९५ पासून ‘वर्किंग फॉर वॉटर’ या सरकारी कार्यक्रमात बाहेरून आलेली पाइन, वॅटल, निलगिरीसारखी झाडं पाणलोटांतून काढली जातात, त्यामागचं एक मुख्य कारण हेच.

मग झाडं काढून टाकायची का? इथेच हबर्ड ब्रुकचा प्रयोग सांगावासा वाटतो. न्यू हॅम्पशायरमधलं हे प्रायोगिक जंगल. १९६५-६६ च्या हिवाळ्यात तिथल्या एका लहान पाणलोटातली सगळी झाडं तोडली, लाकूड तिथेच पडू दिलं आणि पुढची तीन वर्षं तणनाशक मारून काही उगवू दिलं नाही. पहिल्याच वर्षी ओढ्याचा प्रवाह सुमारे ४० टक्क्यांनी वाढला. नुसतं पाणी मोजणारा इथेच खूश होऊन घरी गेला असता. पण पाण्यात काय आहे तेही तपासलं जात होतं, आणि नायट्रेटचं प्रमाण चाळीसपटींच्या वर गेलं होतं. कॅल्शियम, पोटॅशियम धुपून चाललं होतं. झाडं जे धरून ठेवत होती ते सगळं ओढ्यात उतरलं. पाणी वाढलं आणि पाणलोट रिकामा व्हायला लागला. मी सुरुवातीला म्हटलेली तिसरी गोष्ट, सोबत काय नेतं, ती ही.

याचा आणखी उलटा नमुना पश्चिम ऑस्ट्रेलियात आहे. तिथल्या जमिनीत खोलवर समुद्रावरून वाऱ्यापावसासोबत आलेलं मीठ हजारो वर्षांत साठलेलं होतं. खोल मुळांची मूळची झाडी वरचं पाणी पिऊन टाकत होती, म्हणून ते मीठ खालीच होतं. गव्हासाठी रानं मोकळी केली, भूजल चढलं आणि मीठ घेऊन वर आलं. हे पहिल्यांदा नीट मांडलं ते डब्ल्यू. ई. वुड या रेल्वे अभियंत्यानं, १९२४ मध्ये. वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेल्या तलावांचं पाणी आसपासची झाडी तोडल्यावर खारट होत गेलं होतं. इंजिनाला खारं पाणी चालत नाही, म्हणून रेल्वेच्या माणसाला पाणलोट समजून घ्यावा लागला! तेव्हा ‘जास्त पाणी’ हे नेहमीच चांगलं असं धरणारा आराखडा आला की मी हा तलाव आठवतो.

चीनमधल्या लोएस पठाराचं उदाहरण दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीनं देतात. तिथली पिवळी माती इतकी सुटी की पीत नदी एके काळी वर्षाला सरासरी १६० कोटी टन गाळ वाहून नेत होती. उतारांवर पायऱ्या, गाळ अडवणारे बांध, चराईबंदी आणि मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीनंही मोठा प्रकल्प चालला. गाळ एकदम खाली आला, डोंगर हिरवे झाले, लोकांचं उत्पन्न वाढलं. आणि नदीचं पाणीही घटलं. आता तिथल्या अभ्यासकांमध्ये चर्चा आहे ती अशी की लागवड आणखी वाढवली तर माणसांच्या वाट्याला पुरेसं पाणी उरेल का. मला हा प्रकल्प अपयशी वाटत नाही. त्यानं पाण्याच्या बदल्यात माती विकत घेतली, आणि तिथे तो सौदा योग्यच होता. फक्त सौदा होता हे कबूल करायला हवं.

मग ‘झाडं लावली आणि झरा परत आला’ असं सांगणारे खोटं बोलतात का? नाही. दोन परिस्थितींत ते खरं ठरू शकतं. एक, जिथे जमीन इतकी खराब झाली होती की पाऊस मुरतच नव्हता. तिथे झाडोरा, गवत, चर, चराईबंदी यांनी मुरणं इतकं वाढू शकतं की झाडं पितात त्यापेक्षा जास्त पाणी खाली पोचतं आणि कोरड्या महिन्यांतला प्रवाह सुधारतो, वर्षाची बेरीज घटली तरी. शेतकऱ्याला वर्षाच्या बेरजेशी काय करायचंय, त्याला उन्हाळ्यात हवं. दुसरी परिस्थिती डोंगरांवरच्या धुक्याच्या जंगलांची. तिथे पानं धुक्यातून पाणी गाळून घेतात, आणि झाडी गेली की ती भर जाते. दोन्ही ठिकाणी खरं काम माती आणि जागा करतात. उंच वाढणारी एकच जात दाट लावून तेच मिळेल ही अपेक्षा धरू नका.

पुराबद्दल एक साधा हिशेब करून दाखवतो. लहान क्षेत्रासाठी आम्ही अजूनही एक जुनं सूत्र वापरतो: हेक्टरमधलं क्षेत्र, ताशी मिलिमीटरमधला पाऊस आणि पडलेल्या पावसाचा किती हिस्सा लगेच वाहतो ते सांगणारा एक गुणांक यांचा गुणाकार भागिले ३६०, की सेकंदाला किती घनमीटर ते मिळतं. ५० हेक्टरवर ताशी ६० मिलिमीटर पाऊस धरा. चांगल्या झाडोऱ्याला गुणांक ०.२ घेतला तर उत्तर १.७ घनमीटरच्या आसपास. तीच जमीन इमारती आणि फरसबंदीखाली गेली आणि गुणांक ०.७ झाला तर ५.८. आणि खरी वाढ याहून जास्त असते, कारण गटारं पाणी लवकर पोचवतात. पाणी लवकर जमलं की कमी वेळाच्या, पण जास्त जोराच्या सरीही पूर आणू शकतात. जुनी मोरी तीच असते, पाऊसही तोच, आणि लोक म्हणतात असा पूर आधी कधी आला नव्हता. बरोबरच म्हणतात.

पण ‘पाणी थांबवलं की पूर कमी’ हेही डोळे झाकून घेऊ नका. मुख्य नदीचा लोंढा उशिरा येतो, खालच्या लहान उपनद्यांचा आधीच निघून गेलेला असतो. अशा खालच्या उपनदीचं पाणी तुम्ही नेमकं तेवढाच वेळ अडवलंत की त्याचा लोंढा मुख्य लोंढ्यात जाऊन मिळाला, तर खालच्या गावाचं नुकसान वाढतं. वर अडवणं बहुतेकदा फायद्याचं, खाली अडवताना वेळापत्रक बघावं लागतं. माथा ते पायथा या क्रमानं काम करा असं आम्ही घोकतो, त्याला हेही एक कारण आहे. दुसरं कारण मला पदरमोड करून कळलं: वरचा उतार तसाच सोडून खाली बांधलेला बंधारा दोन पावसाळ्यांत गाळानं भरला. पैसे आणलेले होते, वरच्या लोकांशी बोलणं अवघड होतं, म्हणून आम्ही सोपं काम आधी केलं.

वरच्या लोकांशी बोलणं हीच खरी मेख आहे, आणि ते बोलणं जमलं तर काय होतं याचं माझं आवडतं उदाहरण न्यूयॉर्क शहराचं. त्या शहराचं सुमारे ९० टक्के पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर या डोंगराळ पाणलोटांतून येतं, शंभर-दीडशे किलोमीटरवरून, आणि ते गाळण प्रकल्पातून न नेताच शहराला पुरवलं जातं. १९९० च्या सुमाराला नियम कडक झाले आणि गाळण प्रकल्प बांधायची वेळ आली. अंदाजे खर्च सहा अब्ज डॉलर किंवा त्याहून जास्त. त्याऐवजी १९९७ मध्ये शहर, राज्य, केंद्रीय पर्यावरण संस्था आणि पाणलोटातली गावं यांच्यात करार झाला. शहरानं वरची जमीन विकायला तयार असणाऱ्यांकडूनच विकत घ्यायची, शेतकऱ्यांना शेणखत साठवण्यासाठी आणि ओढ्याकाठी कुंपण घालण्यासाठी पैसे द्यायचे, गावांच्या सांडपाण्याच्या सोयी सुधारायच्या. वरच्या लोकांचा शहरावर राग होता आणि तो रास्त होता. जलाशयांसाठी त्यांची गावं उठवली गेली होती. करार टिकला तो शहरानं पैसे मोजले आणि गावांना वाढायची मुभा राहिली म्हणून. खालच्यांनी वरच्यांना नुसते उपदेश करायचे, हा बहुतेक आराखड्यांचा नमुना. तिथे तसं करून भागलं नसतं.

करार नसेल तर काय होतं, त्यासाठी मिसिसिपी पाहा. अमेरिकेच्या मुख्य भूभागापैकी ४१ टक्के जमिनीचं पाणी या एका नदीतून जातं. मक्याच्या शेतांतला नायट्रोजन शेकडो किलोमीटर वाहत मेक्सिकोच्या आखातात उतरतो, शेवाळं माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. दर उन्हाळ्यात तिथे असा निर्जीव पट्टा तयार होतो. २०१७ मध्ये तो सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर होता. खत टाकणाऱ्या शेतकऱ्यानं तो समुद्र पाहिलेलाही नसतो.

समुद्राला न मिळणाऱ्या पाणलोटांत हा हिशेब तळ्याच्या पातळीवर उघडा दिसतो. अरल समुद्र असाच. आमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी १९६० च्या दशकापासून कापसाकडे वळवलं गेलं आणि सुमारे ६८,००० चौरस किलोमीटरचं ते तळं आटत एक दशांशाच्या आसपास आलं. उत्तरेचा लहान भाग २००५ च्या कोक-अरल बांधानंतर सावरला, मासे परत आले; दक्षिणेचा भाग गेला तो गेलाच.

जीवसृष्टीबद्दल वेगळं प्रकरण लिहावं लागेल, इथे माथ्यापुरतंच बोलतो. कुठल्याही नदीजाळ्यात सगळ्यात लहान, बिननावाच्या ओघळी आणि झरे यांचीच लांबी सर्वांत जास्त भरते. एकूण लांबीच्या निम्म्याहून कितीतरी अधिक. यातल्या अनेक वर्षातले काही महिनेच वाहतात, म्हणून त्यांना कुणी नदी समजत नाही आणि बुजवताना हात कचरत नाही. पण सावलीतल्या अशा ओघळीत अन्न येतं ते गळालेल्या पानांतून. पानं किडे कुरतडतात, त्यांचा चुरा खाली वाहतो आणि खालच्या पाण्यातले दुसरे जीव त्यावर जगतात. वरची पानं तोडली तर खालच्या माशाचं ताट बदलतं. हिशेब उलट्या दिशेनंही चालतो: उत्तर प्रशांत महासागरातले सामन मासे अंडी घालायला ओढ्यांत चढतात, तिथेच मरतात, अस्वलं त्यांना काठावर ओढून नेतात आणि समुद्रातला नायट्रोजन काठच्या झाडांत सापडतो. मध्ये एक भिंत बांधली की हे सगळं थांबतं. ऱ्हाइनमध्ये १९८६ साली बासेलजवळच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली, आग विझवायचं पाणी कीटकनाशकांसह नदीत गेलं आणि खाली शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले. त्यानंतर काठच्या देशांनी ठरवलं की नदी सुधारली का ते सामन परत येतो का यावरून मोजायचं. मला हे मोजमाप फार आवडतं. मासा आकडेवारीत फेरफार करत नाही.

तर तुमची जमीन. बैठकीआधी दोन-तीन गोष्टी करून ठेवा. चांगल्या पावसात छत्री घेऊन बाहेर पडा आणि तुमच्या बांधाबाहेर पाणी नेमकं कुठे कुठे जातं ते बघा. बहुतेक ठिकाणी तीन-चारच जागा निघतात. पाणी गढूळ आहे की नितळ, आणि पाऊस थांबल्यावर किती वेळ वाहतं, ते लिहून ठेवा. लवकर संपणारं गढूळ पाणी म्हणजे माती उघडी आहे. उशिरापर्यंत झिरपणारं नितळ पाणी म्हणजे जमीन काम करते आहे. दोन्ही बाजू कापलेला पत्र्याचा डबा जमिनीत चार बोटं ठोकून त्यात पाणी ओता आणि ते किती मिनिटांत मुरतं ते घड्याळ लावून पाहा. एकदा झाडाखाली, एकदा पायवाटेवर, एकदा नांगरटीत. आकड्यांमधला फरक पाहून तुम्हालाच आश्चर्य वाटेल, आणि बैठकीत हे तीन आकडे कुठल्याही चकचकीत नकाशापेक्षा उपयोगी पडतील.

बैठकीत विचारा: आराखड्याची सीमा कुणी चालून पाहिली आहे का? वरच्या उतारावर झाडं लावायची तर कोणत्या जातीची, आणि ती पितील ते पाणी कुणाच्या वाट्यातून जाणार? गवत आणि समतल चर (उतारावर एकाच पातळीत खणलेले आडवे चर) यांवर भागेल का? वर अडवलेल्या पाण्याचा फायदा खालच्यांना होणार असेल तर वरच्यांनी चराई बंद ठेवायची भरपाई कोण देणार? पाच वर्षांनी पाणी वाढलं की घटलं हे कशावरून कळणार, कारण आधीचं मोजमाप आत्ताच सुरू केलं नाही तर तेव्हा कुणीही काहीही सांगेल. या शेवटच्या प्रश्नावर सहसा शांतता पसरते. पसरू द्या, आणि ओढ्यात खुणा केलेली एक काठी रोवायचा ठराव तेवढा करून घ्या.

आणखी एक. तुम्ही अगदी माथ्याजवळ आहात म्हणता, म्हणजे तुमच्या जमिनीचा काही भाग धारेच्या पलीकडे उतरत असण्याची बरीच शक्यता आहे. तसं असेल तर पलीकडच्या खोऱ्याची बैठक कधी आहे, तेही विचारून ठेवा.